आधी लिहा, मग ‘मिळालं’ म्हणा

…आणि वर घरातले मलाच म्हणतात, “सूनबाई, तुझा हा डबा फार विचार करतो!” विचार करतो! अहो, या घरात विचार करणारं एक काहीतरी आहे, एक, तर तेही यांना बघवत नाही!

तुम्हाला सांगते, माझ्या लग्नाला चार महिने झाले. टपालाची भानगड निकालात निघेपर्यंत मी घरातल्या वडीलधाऱ्यांशी मोजून चाळीस वाक्यं बोलले असेन, आणि त्यातली अडतीस “हो आपा” अशी आहेत. आपा म्हणजे माझ्या सासूबाई. उरलेली दोन मोठ्या भाऊजींशी बोलले, म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या भावाशी, आणि ती दोन्ही एकच होती. पहिल्यांदा मी म्हणाले, “भाऊजी, आधी लिहायचं असतं, मग ‘मिळालं’ म्हणायचं असतं.” त्यांनी ऐकलं नाही म्हणून पुन्हा तेच म्हणाले. तेव्हाही ऐकलं नाही. संपला संवाद!

आता हे ‘मिळालं’ म्हणजे काय, ते ऐका. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत भाऊजींची कंपनी आहे. सगळ्या तालास खोऱ्यातल्या राजम्याच्या व्यापाऱ्यांची ईमेल आमच्याकडे येते, आमच्याकडून जाते. एकशे साठ व्यापारी, आणि त्या एकशे साठांचं टपाल एका डब्यात. डबा म्हणजे सर्व्हर. तो आतल्या खोलीत फळीवर बसलेला असतो, उजवीकडे जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या, डावीकडे आपांच्या जुन्या गालिच्याची गुंडाळी. आणि त्याला सांभाळते मी. राजधानीत, बिश्केकला, कॉलेजात तीन वर्षं हेच केलं ना! सोयरीक ठरताना आपांनी विचारलं होतं, “मुलीला येतं काय काय?” माझी आई म्हणाली, “कणीक मळते, तिचे बोर्सोक तळते, सर्व्हर सांभाळते.” आपा म्हणाल्या, “छान. पण हिवाळ्यात त्याला आत बांधावं लागेल हं, आमच्याकडे गारठा फार.”

तर सप्टेंबर संपत आला, राजमा काढून झाला, आणि दरांची पत्रं सुरू झाली. तुर्कस्तानातून, बल्गेरियातून, नुसती रीघ! सकाळी आठला जो डबा गुरगुरायला लागायचा तो संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही. पत्रं तुंबली. नऊचं पत्र साडेनऊला. मग व्यापाऱ्यांचे फोन. त्यात जोल्दोशकाका म्हणजे सगळ्यांत मोठे व्यापारी, त्यांचा आवाज फोन न लावताही आमच्यापर्यंत येतो! “अरे, घोड्यावरून धाडलं असतं तर याच्या आधी पोचलं असतं! आणि घोड्याला वाटेत चाराही घातला असता!”

भाऊजी तरातरा आत आले, टोपी काढून मांडीवर आपटली आणि माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाले, कारण थोरला दीर धाकट्या भावजयीला थेट बोलत नाही, भिंतीमार्फत बोलतो… “शनिवारपर्यंत टपाल धावलं पाहिजे. नाहीतर सगळं राजधानीतल्या एखाद्या कंपनीला देऊन टाकतो. सूनबाईंनाही बरं, दिवसभर निवांत चहा बघतील.”

निवांत चहा! तुम्ही हसताय. अहो, या घरात सकाळी पाचला उठून मी शेण काढते, भाकऱ्या करते, सगळ्यांना वाकून सलाम करते, दिवसभर मान खाली, डोक्यावर रुमाल, आवाज घशात. फक्त त्या खोलीत, त्या डब्यासमोर, मी ‘हो’ म्हणाले की हो असतं आणि ‘नाही’ म्हणाले की नाही असतं. एवढीच दहा बाय बाराची जागा माझी. ती गेली की मग मी आणि चहाचा समोवार, समोवार आणि मी.

आता डबा सावकाश का चालत होता? कारण तो प्रामाणिक होता, दुसरं काही नाही! बघा, समजा तुर्कस्तानातून पत्र आलं. तिकडचा सर्व्हर म्हणतो, “अहो, पत्र घ्या.” आमचा म्हणतो, “द्या.” आमच्या डब्यात फाइलसिस्टिम नावाचा एक कारकून बसलेला असतो. तो आधी वही काढतो, पत्र आल्याची नोंद करतो, मग पत्र डिस्कवर उतरवतो, शाई वाळली की नाही बोटानं बघतो, आणि मग, त्यानंतर, तोंड उघडतो, “मिळालं.” एवढं का? तर तो तिकडचा ‘मिळालं’ ऐकतो आणि त्याच क्षणी आपल्याकडची प्रत फाडून टाकतो! त्याची जबाबदारी संपली. आता जगात त्या पत्राची एकच प्रत, ती आपल्याकडे. आणि आपण ते लिहिलेलंच नसेल, नुसतं लक्षात ठेवलेलं असेल, आणि तेवढ्यात वीज गेली… तर? ते पत्र तिकडेही नाही, इकडेही नाही. बोलाचीच कढी न् बोलाचाच भात! म्हणून म्हणते, आधी लिहा, मग ‘मिळालं’ म्हणा. एवढं साधं आहे. माणसांनीसुद्धा पाळावं असं आहे. पण कोण ऐकतो?

भाऊजींनी सोमवारी एर्मेकला बोलावलं. एर्मेक म्हणजे त्यांचा शाळेतला दोस्त, आता बिश्केकला मोठा तज्ज्ञ. टोकदार बूट, मनगटावर एवढं घड्याळ, आणि आल्याबरोबर डब्याकडे असं बघितलं, जसं म्हाताऱ्या घोड्याकडे बघतात. “वहिनी, सरका जरा.” मी सरकले. त्यानं दोन बोटांनी एक ओळ बदलली. एक! आणि तुम्हाला सांगते, टपाल असं सुटलं, असं सुटलं, की भाऊजींनी टाळी वाजवली!

मी पडद्यावर वाकून बघितलं. काय केलं होतं माहितीये? कारकुनाला सांगितलं होतं, “तू ‘मिळालं’ म्हणत सुट. वही नंतर काढ. अर्ध्या मिनिटानं एकदम लिही सगळं.” उचलली जीभ न् लावली टाळ्याला!

मी रुमालाच्या आतून विचारलं, “आणि त्या अर्ध्या मिनिटात वीज गेली तर?”

“वहिनी,” एर्मेक हसला, “वीज काय रोज जाते?”

तालासमध्ये! तालासमध्ये उभं राहून हा माणूस विचारतोय, वीज रोज जाते का! मी वर दिव्याकडे बघितलं. मला शपथ घालाल तर सांगते, दिवा लुकलुकला. त्यालाही हसू आवरलं नाही.

“आणि बॅटरी आहे की,” भाऊजी भिंतीला म्हणाले. “वीज गेली तरी डबा अर्धा तास चालतो. उगाच खुसपट काढू नये माणसानं.” त्या वेळीच मी ते वाक्य म्हटलं, आधी लिहायचं असतं भाऊजी, दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा भिंतीनंही मान हलवली नाही. एर्मेकनं पोटभर मटण खाल्लं, बोर्सोकनी खिसा भरला आणि गेला.

रात्री ह्यांना फोन केला. हे राजम्याचा ट्रक घेऊन ओश शहराकडे निघालेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू काही बोलू नकोस. दादा आहे तो.”

बरं! बोलू नकोस म्हणाले. करू नकोस असं कुठे म्हणाले?

मंगळवारी भाऊजी शेतावर गेले, आपा शेजारी लोकर पिंजायला गेल्या, आणि मी दार लोटून घेतलं. आधी एर्मेकची ओळ काढली. खुडून टाकली, ढेकणासारखी! टपाल पुन्हा रांगायला लागलं. मग बसले, कारकून दिवसभर करतो तरी काय ते बघत. आणि काय दिसलं म्हणता? दुखणं रेड्याला न् औषध पखालीला! तो बिचारा पत्रं लिहिण्यात दमतच नव्हता. त्याला एक जुनी खोड होती. कुणी नुसतं पेटीत डोकावलं, पत्र असो नसो, तरी हा वही काढून लिहायचा, ‘अमुक अमुक यांनी अमुक वाजता डोकावले.’ आणि हंगामात आमचे व्यापारी डोकावतात किती? दर अर्ध्या मिनिटाला! “आलं का? नाही. आलं का? नाही.” एकशे साठ माणसं! आमच्या गल्लीतल्या बुरुलकाकू खिडकीत बसून कोण कुणाकडे किती वाजता गेलं ते लक्षात ठेवतात ना, तसं. पण बुरुलकाकूंना तेवढंच काम आहे हो, याला टपाल आहे! ती खोड बंद केली. काय बिघडलं? कुणी कधी डोकावलं हे न लिहिल्यानं जगाचं काय अडलं?

मग दुसरी गोष्ट. कारकून एकेक पत्र घ्यायचा, एकेकाची शाई वाळवायचा. मी म्हटलं, बाबा, पापणी लवेल एवढा दम धर. तेवढ्यात वीस पत्रं जमतील. वीसही एकदम उतरव, शाई एकदाच वाळव, आणि मग विसांनाही म्हण, “मिळालं.” खोटं एकालाही बोलायचं नाही, पण वाट सगळ्यांनी मिळून एकदाच बघायची. झालं! टपाल पळायला लागलं. एर्मेकच्या वेगापेक्षा एक केसभर कमी, ते मी कबूल करते, मी खोटं कशाला बोलू? पण केसभर कमी कुणाला कळतंय? भाऊजी संध्याकाळी आले, फोनवर बघितलं, म्हणाले, “वा रे एर्मेक!”

मी म्हटलं, “हो भाऊजी.” मनात. 

आता तुम्ही म्हणाल, एवढी खात्री कशी? अहो, अडगळीत एक जुना डबा होता, त्याला अगदी तसंच सगळं करून दिलं, त्याच्यावर खोटी पत्रं सोडली, आणि पत्रं धो धो येत असताना खस्सकन प्लग उपटला! पुन्हा लावला, मोजली. पुन्हा उपटला. अकरा वेळा. जेवढ्यांना ‘मिळालं’ म्हटलं होतं, तेवढी सगळीच्या सगळी हजर, अकराही वेळा. मला उगाच हवेत बोलायची सवय नाही. मुळात बोलायचीच सवय नाही.

आला शुक्रवार. भाऊजींनी टपालाच्या वेगाचा आनंद म्हणून बड्या व्यापाऱ्यांना चहाला बोलावलं. जोल्दोशकाका आले, बरोबर चौघे पांढऱ्या दाढीवाले. काकांचे सहा ट्रक राजमा भरून रस्त्यावर उभे, इंजिनं चालू. का? तर तुर्कस्तानच्या व्यापाऱ्याचं शेवटचं पत्र यायचं होतं, माल कुठल्या गोदामात उतरवायचा, कुठल्या नाक्यावरून न्यायचा, सगळं त्यात. पत्र आलं की ट्रक सुटणार. सीमेवरची वेळ ठरलेली, चुकली की आठवडा गेला.

सगळे गालिच्यावर बसले, मी चहाच्या जागी, दाराशी. आणि बरोबर साडेबाराला… गेली वीज! कुणी पापणी हलवली नाही. भाऊजी ऐटीत म्हणाले, “काळजी नको, आपला डबा बॅटरीवर आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पण समोवार! आमचा समोवार विजेवरचा, तो गप्प झाला. पाहुणे बसलेत आणि समोवार गप्प?

आता आपा म्हणजे हुशार बाई. मी जे सांगतेय ते कौतुकानं सांगतेय. त्यांनी फार आधीच हेरून ठेवलं होतं की घरातली सगळी वीज गेली तरी आतल्या खोलीत, मुरंब्याच्या बरण्यांमागे, एक प्लग जिवंत असतो. का असतो, कुणासाठी असतो, या भानगडीत त्या पडल्या नाहीत. समोवार उचलला, आत नेला, लावला. आणि बाहेर येऊन माझ्या कानात कुजबुजल्या, “आणतेच गरम पाणी. तोवर किटलीतला ओत.”

आणि आतून आवाज आला. टूंक.

तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! ती बॅटरी होती. एवढासा तिचा जीव, डबा ओढायचा म्हणजे हलकं काम, आणि तिच्या पाठीवर हा चार लिटरचा समोवार! टूंक. टूंक. मी उठायला हवं होतं. पण सून चहा ओतायला बसली की वडीलधाऱ्यांचं पिऊन होईपर्यंत उठत नाही! घर जळत असेल तरी नाही, आधी प्याला भरून मग बादली आणायची. आणि प्याला कसा द्यायचा? अर्ध्याहून कमी. दोन घोट. म्हणजे पाहुण्यानं तो परत द्यावा, आपण पुन्हा ओतावा, पुन्हा द्यावा, त्यात मान असतो. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ एकच… हा प्या आणि उठा!

टूंक-टूंक-टूंक.

मी जोल्दोशकाकांचा प्याला घेतला आणि काठोकाठ भरला.

काका प्याल्याकडे बघतायत, मग माझ्याकडे, मग पुन्हा प्याल्याकडे. मी दुसरा भरला. काठोकाठ! तिसरा! चौथा बशीत सांडला! आपांनी दारातून माझ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेवर दुसरा समोवार उकळला असता!

“हं,” जोल्दोशकाका म्हणाले, “सूनबाई आम्हाला हाकलतेय म्हणायची!”

“नाही काका, पण लवकर…”

टूऽऽऽऽ… आणि मग काही नाही.

डबा बंद पडला. बॅटरी संपली. ती शांतता कधी ऐकलीय तुम्ही? सर्व्हरच्या खोलीतली शांतता? घोड्यावरून पडताना जमीन लागायच्या आधी असते ना, तशी!

आणि तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला. तुर्कस्तान. काका उभे राहून ओरडले, “काय? पाठवलंस? कधी? आत्ता? अरे, आमच्याकडे काही… काय? ‘मिळालं’ आलं म्हणतोस? आमच्याकडून? आणि तुझ्याकडे प्रत?… बंदराच्या कचेरीतून धाडलंस? विमानात बसतोयस? अरे थांब… अरे!” फोन बंद.

भाऊजींचा चेहरा टोपीएवढा पांढरा. एर्मेकला फोन लावला. एर्मेक तिकडून शांतपणे, “हां, मग शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं गेलं असणार. मी म्हटलं होतं ना, वीज जाऊ देऊ नका!”

केव्हा म्हटलं होतं रे मेल्या?

चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं वीज नाही. बाहेर सहा ट्रक घरघरतायत, आत पाच म्हातारे दाढ्या कुरवाळतायत, भाऊजी भिंतीलाही काही सांगत नाहीयेत, आणि समोर चार प्याले काठोकाठ भरलेले, गार होतायत. मी मान खाली घालून बसलेले. अकरा वेळा उपटला होता मी प्लग, पण ती खोटी पत्रं होती. हे खरं होतं.

वीज आली. मी उठले. समोवाराचा प्लग काढला, डबा सुरू केला. कारकून उठला, डोळे चोळले, वही उघडली, कुठवर आलो होतो ते वाचलं, अर्धवट होतं ते पुसलं, पुरं होतं ते जागच्या जागी लावलं. सगळे माझ्या पाठीशी उभे, काकांचा श्वास माझ्या रुमालावर. मी काकांची पेटी उघडली.

बारा वाजून एकेचाळीस मिनिटं आणि आठ सेकंदांनी आलेलं पत्र. डबा पडला होता एकेचाळीस मिनिटं आणि अकरा सेकंदांनी. आणि पत्र… अख्खं! गोदामाचा पत्ता, नाका, सहीसकट!

काका धावत सुटले, त्या वयात! त्यांच्यामागून चौघे दाढीवालेही. ट्रक गेले. आणि खोलीत उरलो मी, भाऊजी आणि आपा.

“पण,” भाऊजी म्हणाले, आणि आश्चर्य बघा, भिंतीला नाही, मला! “एर्मेक तर म्हणाला, गेलं असणार!”

“त्यांची ओळ मी मंगळवारीच काढली, भाऊजी.”

मला वाटलं, आता गेली माझी दहा बाय बारा. भाऊजींनी वाकून डब्याला कान लावला. मग म्हणाले, “आणि तरी पळतो?”

“पळतो. जे लिहायची गरज नाही ते लिहायचं थांबवलं. जे लिहायलाच हवं ते आधी लिहितो, मग ‘मिळालं’ म्हणतो.”

“म्हणजे वीज गेली तरी काही हरवत नाही?”

“नाही.”

“बॅटरी नसली तरी?”

आणि इथे, इथे बघा, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं, आणि माझी छाती अशी फुगली होती, आणि चार महिन्यांची गप्प बसलेली मी… माझ्या तोंडून गेलं, “नसली तरी नाही, भाऊजी! कधीच नाही!”

“शाब्बास!” भाऊजी म्हणाले. “टपाल घरातच राहणार. सूनबाईच बघणार.”

मी त्या दिवशी हवेत चालत होते हो. शनिवारी भाऊजी बाजारातून एवढी मोठी, नवी कोरी बॅटरी घेऊन आले. दोघांनी धरून आत आणली. मला भरून आलं. मी बरण्या सरकवून डब्याशेजारी जागा करायला लागले, तर भाऊजी म्हणाले, “तिकडे नको, तिकडे नको! इकडे, चहाच्या खोलीत. समोवारासाठी आहे ती.”

“आणि… डब्याला?”

“त्याला कशाला? तूच म्हणालीस ना, कधीच काही हरवत नाही! मग ती जुनी दुरुस्त करून मी बाहेरच्या खोलीतल्या दिव्याला लावली.”

‘मिळालं’ म्हणायच्या आधी लिहायला शिकवलं मी डब्याला. ‘कधीच नाही’ म्हणायच्या आधी थांबायला मला कोण शिकवणार होतं? आता वीज गेली की आमच्याकडे समोवार दिमाखात उकळत असतो, पाहुणे दोन-दोन घोट पीत असतात, आणि आतल्या खोलीत डबा धाडकन पडतो. उठतो, वही वाचतो, कामाला लागतो. पुन्हा पडतो. या आठवड्यात सहा वेळा पडला. सहा वेळा! आणि पत्र? एक नाही हरवलं हो, एकही नाही… आता सांगा, तक्रार करायची तरी कुठल्या तोंडानं?